वाटणीतलं इंजिन

आप्पांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला लावलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. बाबालाल मिस्त्रीनं ॲक्सिलरेटरची तार हळूच ओढली. लोखंडी घोडीवर बसवलेलं इंजिन गुरगुरलं आणि भिंतीला टांगलेले पाने एकमेकांवर किणकिणले. मी आप्पांचा मुलगा, हायस्कुलातला चित्रकलेचा मास्तर. आवाज मोठा आहे आणि धूर कमी आहे, म्हणजे इंजिन बरं असावं, एवढीच माझी अक्कल.

आप्पांनी स्क्रूड्रायव्हर खाली घेतला.

"नको," म्हणाले.

"का?"

"घसा बसलाय ह्याचा."

बाबालालनं इंजिन बंद केलं आणि हातातलं फडकं बाकावर आपटलं. "भूपालआण्णा, हे तिसरं. तुमी इंजिन बघताय का घरात सून आणताय?"

"सून परवडली," आप्पा म्हणाले. "ती पैलं चार दिस तरी आवाज करत न्हाई."

"टेंपोचं डिझेल इंजिन दावलं, तर म्हनला गाडीचा ट्रॅक्टर हुईल. अँबॅसिडरचं दावलं, तर म्हनला पावन्याचं जोडं पायात बसत न्हाईत. आता हे मुंबईस्नं आनलेलं. डॉजचंच हाय, तेच साल, तेच सहा सिलिंडर. आता आनि काय पायजे?"

"घसा," आप्पा म्हणाले, आणि पिशवी काखेत मारून समोरच्या हॉटेलात चहाला गेले.

याला आता तीस वर्षं होऊन गेली. जयसिंगपूरच्या स्टेशनरोडवरचं ते वर्कशॉप राहिलं नाही, बाबालालही राहिला नाही. पण त्या महिन्यात मी जेवढं खोटं बोललो तेवढं जन्मात बोललो नाही, म्हणून तो महिना माझ्या चांगला ध्यानात आहे.

गाडी आमच्या आजोबांची, आबांची. एकोणचाळीस सालची हिरवी डॉज. संस्थान विलीन झाल्यावर एका कारभाऱ्यानं विकायला काढली आणि आबांनी घेतली. चिपरवाडीसारख्या गावात तेव्हा सायकली मोजून सात होत्या. पंचक्रोशीतल्या किती नवऱ्या मुली त्या गाडीतून सासरी गेल्या याची गणती नाही. आबा मागं बसायचे. चालवायला कधी आप्पा, कधी धाकटे नेमूकाका. कुणी चालवायची यावरून दोघांची रोज जुंपायची, आणि आबा म्हणायचे, भांडा, पण गाडी वेळेवर काढा.

मग बहात्तर सालचा हंगाम आला. आमच्या गुऱ्हाळाच्या चरकाला डिझेल इंजिन होतं. ऐन हंगामात त्याचा क्रँक मोडला. तोडलेला ऊस फडात वाळायला लागला. दोघा भावांनी आणि बाबालालनं एका दिवसात डॉजचं इंजिन उतरवलं, चरकाशेजारी लाकडी ओंडक्यांवर बसवलं आणि पट्टा चढवला. पेट्रोलवर चालू करायचं आणि तापलं की रॉकेलवर चालवायचं. त्या इंजिनानं दोन महिने सगळ्या गावाचा ऊस गाळला. आप्पा सांगायचे, एवढा पिवळाधमक गूळ पुन्हा झाला नाही.

हंगाम संपायच्या आत आबा गेले. इंजिन परत गाडीत बसवायचं राहून गेलं आणि उन्हाळ्यात वाटणी झाली.

आमच्याकडं वाटणीचा एक दंडक आहे. वाटणीच्या दिवशी जी वस्तू जिथं जोडलेली असेल, ती तिथलीच. विहिरीवरचा पंप विहिरीबरोबर जायचा, गोठ्यातली दावी गोठ्याबरोबर. असा दंडक नसता तर खिळ्याखिळ्यावरून डोकी फुटली असती. यादी आप्पांनीच सांगितली आणि तलाठ्यानं उतरवली. गाडी आप्पांच्या वाट्याला, गुऱ्हाळ काकांच्या. यादी पंचांसमोर वाचली, अंगठे उठले, सह्या झाल्या, आणि तेव्हा कुठं सगळ्यांच्या लक्षात आलं की गाडीचं इंजिन चरकाला जोडलेलं आहे. गाडी एका भावाची झाली आणि इंजिन दुसऱ्याचं.

त्या दिवसापासून आप्पा आणि काका बोलले नाहीत. बावीस वर्षं. बसदीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला आप्पा सहाला जायचे आणि काका सातला. लग्नाच्या पंगतीत एक जण पहिल्या पंक्तीला बसला की दुसरा आपोआप शेवटच्या. आमच्या घरात काकांना नाव नव्हतं. 'तो' म्हणायचे. काकांची मुलगी माझ्या वर्गात होती. तिला चित्रकलेत चांगले मार्क दिले की आप्पा विचारायचे, एवढं द्यायसारखं काय काढलं हुतं तिनं? मला नववं वर्ष होतं तेव्हापासून एकच सांगितलेलं होतं, की त्यानं आपलं इंजिन ढापलं.

गाडी छपरीत दगडांवर उभी होती. इंजिन नसलेली. दर रविवारी आप्पा ती पुसायचे. भंगारवाले कितीदा येऊन गेले, आप्पांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

मग त्या वर्षीच्या दिवाळीत मी आप्पांना डोळे दाखवायला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला; कुठला डोळा किती गेलाय, ते मी विचारलं नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं टिकेल तेवढी टिकवायची, सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा. परतीच्या एसटीत अंकलीचा पूल आला. पुलावर आप्पा म्हणाले, "शांतू, गाडी नीट करायची. एकदा मी चालवतो. मग डोळ्यास्नी काय करायचं ते करू दे."

"इंजिन?"

"कुठलंबी चालंल. त्याचं सोडून."

माझ्या डोक्यात डॉक्टरांचे सहा महिने घोळत होते. म्हणून मी त्या दिवशी 'त्याचं सोडून'कडं फार लक्ष दिलं नाही.

तर आप्पा चहाला गेले आणि बाबालालनं मला बाकावर बसवलं.

"मास्तर, ह्या इंजिनासाठी मी मुंबईला चार खेपा केल्या. रिंगा, गॅस्केट, टायमिंगची चेन, सगळं हुडकून आनलं. ह्याचा घसाबिसा काय बसलेला न्हाई. बसलाय तो तुझ्या बापाचा."

"म्हणजे?"

"त्येस्नी ते इंजिन पायजे. तोंडानं म्हननार न्हाईत. तू मला उद्या विलायतेस्नं पेटीबंद इंजिन आनून दिलंस तरी ते कानाला लावून 'नको'च म्हननार. तवर डोळं बसनार वाट बघत?"

"पण काका देतील का?"

"मला काय म्हाईत? बावीस वर्सं मी त्यांच्या गुऱ्हाळावर पाय ठेवला न्हाई. दोघांचा मिस्त्री मी. एकाकडं गेलो की दुसरा रुसतो. जा, इचारून बघ. मारनार तर न्हाई. मारलं तर काकाच हाय."

समोरच्या हॉटेलात काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. आप्पांचा कप होता. डाव्या हाताला ठेवला होता, कोपर लागून पडला. गेल्या दोन महिन्यांत घरातले चार कप असेच गेले होते, आणि दर वेळी आप्पा आईवर डाफरले होते, की कप असला काठावर कोण ठेवतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी लुना काढली आणि काकांच्या मळ्यावर गेलो. आप्पांना सांगितलं, तालुक्याला चित्रांच्या परीक्षेची मीटिंग आहे. हे पहिलं खोटं.

गुऱ्हाळ धडाडत होतं. काहिलीतून वाफेचे लोट निघत होते, दोघे जण मळी काढत होते, आणि काका चुलवाणापाशी उकिडवे बसून चिपाडं आत सारत होते. त्यांनी मला बघितलं, लुना बघितली, आणि परत जाळाकडं बघितलं.

"मास्तर वाट चुकलं जनू."

"नाही काका. इथंच आलो."

"मग रस घे आदी. आलं-लिंबू घालून घे. पाहुनचार झाला की बोलू."

मी रस प्यायलो. पितापिता माझं लक्ष चरकाकडं गेलं. पट्टा होता, पण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला विजेची मोटर होती. तीही नवी नव्हती. तिच्यावर धुळीचे थर होते.

"काका, डॉजचं इंजिन?"

ते उठले. मागच्या कोठीकडं चालू लागले. मी मागोमाग गेलो. मनात आलं, भंगारात घातलं असणार आणि आता मला रिकामी जागा दाखवणार. कोठीत गुळाच्या ढेपा रचलेल्या होत्या आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी होतं. काकांनी ताडपत्री ओढली.

इंजिन होतं. पाटावर बसवल्यासारखं दोन फळ्यांवर. तेलानं चकाकत होतं. कार्बोरेटरला फडकं गुंडाळलेलं, प्लगच्या भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकलेल्या, पुढच्या टोकाला हँडल अडकवलेलं. बावीस वर्षांची धूळ कुठंच नव्हती.

"एकच हंगाम वापरलं," काका म्हणाले. "फुडल्या सालीच मोटर घेतली मी. ह्येला न्हाई शिवलो."

"मग हे हँडल?"

काकांनी खाली वाकून हँडल धरलं आणि दोन वेढे दिले. आतून तेलाचा चुळचुळ आवाज आला. पिस्टन हलले.

"रविवारी दोन येढं देतो. न्हाईतर जाम हुतंय."

रविवारी आमच्या छपरीत काय चालायचं ते मी त्यांना सांगितलं नाही.

"काका, मग दिलं का नाही तुम्ही?"

"आरं, चूक माझीच." ते ढेपांच्या थप्पीला टेकले. "यादी वाचली, सगळ्यांच्या ध्यानात आलं, आनि मला हसू फुटलं. मी भर पंचांम्होरं म्हनलो, 'दादा, आता गाडीला बैलं जुंप.' समदी पंचमंडळी खो खो हसली. मला वाटलं, दादा बी हसंल. आमी दोघं असंच बोलायचो की एकमेकाला. पन त्यो न्हाई हसला. नुकता बाप मेलेला, थोरलेपन अंगावर आलेलं, आनि मी चार लोकांत त्याचं हसं केलं."

"तेवढ्यावरून?"

"दुसऱ्या दिवशी इंजिन बैलगाडीत घालून घरी पोचतं करायचं, आसंच ठरीवलं हुतं मी. पन सकाळी बसदीत त्येनं मला बघून पाठ केली. मग मलाबी राग आला. म्हनलं, आता मागंल तवा देतो." त्यांनी टॉवेलनं इंजिनावरचा नसलेला डाग पुसला. "त्यो मागंना, मी देईना. बावीस वर्सं गेली बग. येकदा जरी मागितलं असतं ना, डोक्यावरनं आनून दिलं असतं."

तिथं मी दुसरं खोटं बोललो. ठरवून आलो नव्हतो. तोंडातून गेलं.

"आप्पांनी मागितलंय काका. त्यांनीच पाठवलंय मला."

काका ताठ झाले. "दादानं?"

"होय."

"काय म्हनला? जसं म्हनला तसं सांग."

आता माणूस एकदा खोटं बोलला की त्याला पुढचं वाक्यही बनवावं लागतं. मी म्हणालो, "म्हणाले, नेमूकडं जा. म्हणावं, माझं इंजिन दे."

"नेमू म्हनला?"

"होय."

काका दाराकडं तोंड करून उभे राहिले. मग टॉवेलनं सगळं तोंड पुसलं आणि म्हणाले, "गुऱ्हाळाचा धूर हितपतूर येतोय सारखा." कोठीत धुराचा मागमूस नव्हता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिथल्या तिथं खरं सांगून टाकावं असं वाटलं. पण काकांनी तोवर चुलवाणावरच्या माणसांना हाका मारल्या होत्या. कुणी ट्रॉली आणली, कुणी दोरखंड. इंजिन चढवताना काका लहान मुलाला सांभाळावं तसे "हळू, हळू, डोकं बघा त्याचं" म्हणून ओरडत होते. ट्रॉली निघाली तेव्हा त्यांनी गुळाची एक ढेप मागं ठेवली.

"दादाला सांग, कवाबी येऊन जा म्हनावं गाडी घिऊन."

"सांगतो," मी म्हणालो. हे तिसरं खोटं. सांगायची माझी छाती नव्हती.

बाबालालनं इंजिन बघितलं आणि त्याच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. पाण्याच्या पंपाच्या वर बोटाएवढं पितळी ठिगळ होतं. ते बाबालालच्या वडिलांनी भरलेलं. "हे लपवाय पायजे," म्हणाला. "आण्णा ठिगळ बघितल्याबिगर ऱ्हानार न्हाईत." त्यानं सगळ्या इंजिनाला करडा रंग फासला. मुंबईहून आणलेल्या रिंगा, गॅस्केट, चेन याच इंजिनात गेल्या. वायरिंग नवं केलं. टायर बसले. गाडी ट्रकमागं बांधून वर्कशॉपला आणली आणि आठ दिवसांत इंजिन पोटात बसलं. घरात मी चौथं खोटं सांगितलं, की इंजिन पुण्याहून मिळालं, एका पारशी गृहस्थाकडून. गुळाची ढेप मी शाळेच्या स्टाफरूममध्ये वाटून टाकली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आप्पा धुवट धोतर नेसून आणि कोशाचा रेशमी फेटा बांधून वर्कशॉपला आले. बाबालालनं सेल्फ मारला. इंजिन दोनदा खोकलं आणि धरलं. सहा सिलिंडर एका सुरात चालू लागले. मला त्यातलं काही कळत नसूनही अंगावर काटा आला.

आप्पांनी स्क्रूड्रायव्हर मागितला नाही. बॉनेटखाली वाकले आणि इंजिनावरून तळहात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. हात पंपाच्या वर गेला आणि थांबला. अंगठा एका जागी दोनदा पुढं-मागं झाला. बाबालाल एकदम मडगार्ड पुसायला लागला. मी छताकडं बघत राहिलो.

"पुन्याचं म्हनालास?" आप्पांनी विचारलं.

"होय आप्पा."

"पारश्याचं?"

"होय."

"बरं ठेवलंय पारश्यानं." त्यांनी बॉनेट लावलं. "बस."

मला वाटलं होतं, ओळखलं तर गाडीतून उतरतील, फेटा काढून आपटतील, महिनाभर अन्न गोड लागणार नाही त्यांना. तसलं काही झालं नाही. ते स्टिअरिंगवर बसले, मी शेजारी. बाबालाल मागं बसायला आला तर म्हणाले, "तू ऱ्हा. हे घरचं हाय." बाबालालनं माझ्याकडं बघून दोन्ही हात जोडले, आपण देवाला जोडतो तसे.

गाडी गावाबाहेर पडली. बावीस वर्षांनी आप्पांच्या हाताला गिअर विचारावे लागले नाहीत. उसाच्या गाड्या येत होत्या, गाडीवान बैल थांबवून बघत होते. एका म्हाताऱ्यानं तर कासरा सोडून नमस्कार केला. आप्पांच्या चेहऱ्यावर मी लहानपणी कधीतरी पाहिलेलं हसू आलं. मलाही भरून आलं. वाटलं, केलं ते खोटं कारणी लागलं.

मग मला एक गोष्ट दिसायला लागली. गाडीची डावी चाकं सारखी रस्ता सोडून मातीत उतरत होती. मी दोनदा म्हणालो, "आप्पा, डावीकडं." आप्पा नुसती मान सबंध वळवून बघायचे आणि गाडी रस्त्यावर आणायचे. डावीकडून एक सायकलवाला शेतात घुसला आणि शिव्या देत मागं पडला. आप्पांना तो दिसलाच नाही. मी दाराची मूठ धरली.

"आप्पा, मला चालवता येत नाही, पण आपण थांबू या का?"

"आता कशाला थांबायचं? पोचलो की."

घराकडं वळायचा फाटा मागं गेला तेव्हा मला कळलं, गाडी कुणीकडं चाललीय. आप्पा मळ्याच्या वाटेला लागले होते. पुढं गुऱ्हाळाचा धूर दिसत होता. आता चार खोटी एका जागी उघडी पडणार होती. पण खरं सांगतो, मला त्या क्षणी त्याचं काही वाटलं नाही. वाट अरुंद होती, दोन्ही बाजूंना ऊस होता, आणि मला फक्त गाडी नीट थांबायला हवी होती.

काकांच्या मळ्याच्या तोंडाशी दोन दगडी खांब आहेत. आप्पांनी वेग कमी केला, गिअर पाडला आणि डावीकडं वळण घेतलं. मी ओरडलो. डावा मडगार्ड खांबाला धाडकन बसला, पत्रा कागदासारखा चुरगळला, दिव्याची काच खळकन खाली आली. इंजिन बंद पडलं. आम्हाला काही लागलं नाही.

चुलवाणावरची माणसं धावली. सगळ्यांत पुढं काका, हातात अजून चिपाडं तशीच. ते आले आणि पहिल्यांदा मडगार्ड बघितला, मग खांब, मग स्टिअरिंगवर बसलेल्या आप्पांना. बावीस वर्षांत दोघं एवढे जवळ आले नव्हते.

"दादा," काका म्हणाले, "आरं, केवढा खांब हाय. दिसला न्हाई व्हय?"

"न्हाई दिसला," आप्पा म्हणाले.

काकांना वाटलं असावं, टोमणा आहे. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं. मग आप्पांचा चेहरा नीट बघितला. गाडीला वळसा घालून ते माझ्या बाजूच्या खिडकीशी आले आणि माझ्या अंगावरून हात लांब करून आप्पांच्या डाव्या गालापाशी बोटं हलवली. आप्पा समोर बघत होते. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घातली. एवढं मलाही ठाऊक नव्हतं.

"कवापासनं?"

"दिवाळीच्या आदीपासनं," आप्पा म्हणाले. "डावा डोळा पार गेलाय. पोराला सांगितलं न्हाई, न्हाईतर गाडीला हात लावू दिला नसता. उजवाबी चाललाय."

काका खिडकीला धरून उभे राहिले. "आनि मला सांगाय आला न्हाईस. इंजिन मागाय तेवढं ह्येला पाठीवलंस. 'नेमूकडं जा' म्हनून निरोप दिलास, पन सोता आला न्हाईस."

आता मी गेलो, असं मला वाटलं. आप्पांनी मान सबंध वळवली आणि उजव्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्यांचा मुलगा एकतीस वर्षं होतो. पण त्यांनी मला तसं त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

"व्हय," ते काकांना म्हणाले. "मीच मागितलं."

"मग सोता का न्हाई?"

"सोता कसा येऊ? तू म्हनला हुतास, गाडीला बैलं जुंप. बैलं जुंपून आलो असतो तर हसला असतास. इंजिन घालूनच येनार हुतो. त्येला बावीस वर्सं लागली."

काकांना हसू आलं आणि रडूही आलं. तोंडाला लावायला त्यांच्या खांद्यावर टॉवेल नव्हता, म्हणून त्यांनी बाहीनं काम भागवलं. आप्पाही हसत होते. चुलवाणावरची माणसं काय चाललंय ते न कळून मागं उभी होती, आणि गुऱ्हाळावरून कुणीतरी ओरडत होतं की काहील उतू चाललीय.

"उतू दे," काका म्हणाले. ते पुन्हा वळसा घालून स्टिअरिंगच्या बाजूला आले आणि दार उघडलं. "सरक तिकडं. मास्तर, तुमी मागं बसा."

आप्पा सरकले. मी मागं, आबांच्या जागी बसलो. काकांनी सेल्फ मारला, इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. वाकडा मडगार्ड चाकाला घासत होता, तो त्यांनी उतरून लाथ मारून सरळ केला. गाडी मागं घेतली आणि उसातल्या वाटेवर काढली.

"कुठं न्यायची?"

"कुठंबी ने. पन डावीकडचं सांगत चल. मला तिकडचं काय कळत न्हाई."

काकांनी बाहेर नजर टाकली. मग म्हणाले, "डावीकडं ऊस हाय."

"कुनाचा?"

काकांनी गिअर बदलला.

"आपला," म्हणाले.